मोठी लग्नं साधी झाली तर आमच्या हजेरीचं काय?

खापरावरची (पंचवटी, नाशिक)

नमस्कार मंडळी. मला हा प्रश्न दोन ओळींत मांडता येत नाही, म्हणून सगळं सांगते.

मी मूळची अमळनेरकडची. लग्न होऊन नाशिकला आले तेव्हा माहेरचं एकच कसब हाताशी होतं, खापरावरचे मांडे. कणीक मळून मळून इतकी सैल करायची की पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत पसरला पाहिजे, मग तो उपड्या खापरावर टाकायचा. चौदा वर्षांपूर्वी शेजारच्या वाड्यात एका मुंजीला केले, तिथून सुपाऱ्या मिळत गेल्या. आज माझ्यासोबत नऊ बायका आहेत. चौघी फुलेनगरच्या, तिघी पेठ रोडच्या वस्तीतल्या, दोघी मखमलाबादच्या. तुळशीचं लग्न लागलं की आमचा हंगाम सुरू होतो, तो आषाढापर्यंत. पुढचे चार महिने कुणी धुणीभांडी करतं, कुणी शेतावर जातं.

गेल्या हिवाळ्यात एकाच आठवड्यात दोन मोठी लग्नं केली. मी हिशेब वहीत लिहिते, म्हणून आकडे देते.

पहिलं लग्न गंगापूर धरणाच्या बाजूला एका रिसॉर्टवर. बाराशे पाहुणे. लोक म्हणत होते दोन कोटी खर्च झाला. मंडपाचं सामान मुंबईहून आलं, ऑर्किड थायलंडची, स्वयंपाकी मुंबईचे, वाढायला मुलंमुली मुंबईच्या एजन्सीची. आम्हाला फक्त ‘लाईव्ह काउंटर’साठी बोलावलं होतं, पाहुण्यांना मांडे करताना बघायचे होते म्हणून. ठरले 38,000. त्यातून लग्नाची सगळी व्यवस्था बघणाऱ्या प्लॅनरने 15 टक्के कापून घेतले, म्हणजे 5,700. डाळ, गूळ, गहू, तूप, गॅस मिळून 14,000. टेम्पो 2,500. बायकांची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, 900 प्रमाणे 8,100. उरले 7,700. पण उचल फक्त 8,000 मिळाली होती, बाकीचे पैसे यायला 74 दिवस लागले. बायकांना एवढे दिवस थांबवता येत नाही. मी भिशीचे पैसे घालून त्यांची हजेरी चुकवली.

अजून एक गोष्ट आहे, ती लिहायची की नाही असा विचार करत होते. दुपारी तीनपासून रात्री बारापर्यंत आम्ही तिथे होतो. पाहुण्यांची स्वच्छतागृहं वापरू नका असं प्लॅनरच्या माणसाने सांगितलं आणि कामगारांची कुठे आहेत ते कुणालाच माहीत नव्हतं. मखमलाबादच्या काकू पासष्टीच्या आहेत. त्यांनी संध्याकाळपासून पाणी प्यायचं सोडलं. हे आठवलं की अजून घशाशी येतं.

दुसरं लग्न आडगावकडच्या एका लॉन्सवर, कांद्याच्या व्यापाऱ्याच्या मुलाचं. अडीच हजार पान. खर्च पहिल्याच्या पावही नसेल. पण आचारी पंचवटीतले, वाढपी तपोवनाकडची पोरं, मांडववाला म्हसरूळचा, बँड जुन्या नाशिकचा, गुलाब जानोरीच्या पॉलीहाऊसमधले, किराणा रविवार कारंजाच्या होलसेलवाल्याकडून. मला 52,000 मिळाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवरदेवाच्या आईने स्वतः मोजून हातात दिले. प्रत्येकीची ओटी भरली, डबे भरून दिले. ‘आधी तुम्ही जेवा, मग पंगत बसू द्या’ असं त्या माउलीने दोनदा येऊन सांगितलं.

आता मूळ मुद्दा. गेल्या वर्षी ठिकठिकाणी समाजाच्या बैठका होऊन लग्नाच्या आचारसंहिता ठरल्या. माणसं कमी, डीजे नको, प्री-वेडिंग नको, हुंडा नको. आमच्याकडेही पुढच्या रविवारी बैठक आहे. माझे दीर त्या समितीत आहेत. ठरावावर बायकांच्या सह्या हव्यात म्हणून माझ्याकडे कागद आणून दिलाय. त्यात ‘जास्तीत जास्त 150 पाहुणे’ असं कलम आहे.

हुंडा बंद व्हावा असं मला मनापासून वाटतं. धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी आमच्या दादांनी विहिरीजवळचा तुकडा विकला, त्यानंतर ते शेतावर जायचेच बंद झाले. तरी 150 च्या कलमाशी माझा हात अडतो. 2021 च्या एप्रिलमध्ये लग्नाला 25 माणसं आणि दोन तास असा नियम आला होता. तेव्हा आजार होता, नियम हवाच होता. पण त्या हंगामात आमच्यातल्या एकीने पाटल्या मोडल्या, एकीच्या मुलाने अकरावीचा प्रवेश सोडला आणि तो आजही कुरिअरची पाकिटं वाटतो.

दीर म्हणतात, श्रीमंतांची उधळपट्टी म्हणजे पाप. भाचा म्हणतो, श्रीमंत खर्च करतात म्हणून तर गरिबाची चूल पेटते. मला दोघांचंही अर्धं पटतं. कुणी नीट समजावून सांगेल का? श्रीमंतांनी खर्च केला तर आमच्यापर्यंत खरंच किती येतं? आणि नाही केला तर तो पैसा जातो कुठे?

---

फळा-खडू (नाशिकरोड)

ताई, मी तीस वर्षं अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवलं. तुमच्या वहीची दोन पानं मला मिळाली असती तर गुणक हा धडा मी त्यांवरूनच शिकवला असता.

गुणक म्हणजे काय, तर आडगावच्या लग्नातला रुपया व्यापाऱ्याकडून तुमच्याकडे आला, तुमच्याकडून फुलेनगरच्या बाईकडे, तिच्याकडून किराणावाल्याकडे आणि मुलाच्या क्लासच्या फीकडे. एकाचा खर्च ही दुसऱ्याची कमाई असते. 1930 च्या दशकातल्या जागतिक मंदीत अर्थतज्ज्ञ केन्स यांनी यावरच जोर दिला होता. पण हा रुपया गावात फिरतो तोवरच गावाला उपयोगी. रिसॉर्टवरच्या लग्नातला बराचसा रुपया पहिल्याच उडीत मुंबईला आणि थायलंडला गेला. खर्च मोठा, गळती त्याहून मोठी.

भाच्याचं म्हणणं कुठे कमी पडतं ते सांगतो. सरकारच्या 2022-23 च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत ग्रामीण भागातल्या सर्वांत खालच्या पाच टक्के लोकांचा माणशी मासिक खर्च 1,373 रुपये निघाला आणि शहरातल्या सर्वांत वरच्या पाच टक्क्यांचा 20,824. दोघांमध्ये पंधरा पट फरक. कमाईतला फरक मात्र याहून मोठा असतो, कारण खालच्या माणसाच्या हातात आलेला सगळाच पैसा खर्च होतो आणि वरच्याचा मोठा हिस्सा शिल्लक पडतो. म्हणून तुमच्या नऊ बायकांच्या हाती शंभर रुपये जास्त पडले तर पंचवटीतल्या दुकानदाराला ते दोन दिवसांत कळतं. बंगलेवाल्याच्या खात्यात शंभर रुपये वाढले तर कुणालाच कळत नाही.

आणि दिरांचं म्हणणं कुठे कमी पडतं तेही सांगतो. अमेरिकेने 1990 मध्ये चैनीच्या वस्तूंवर कर बसवला. एक लाख डॉलरच्या वर किंमत असलेल्या बोटीवर, वरच्या रकमेच्या दहा टक्के. हेतू चांगला, श्रीमंतांनी जास्त द्यावं. झालं असं की श्रीमंतांनी नव्या बोटी घेणंच थांबवलं. त्याच वेळी मंदीही होती, त्यामुळे सगळा दोष कराला देता येत नाही, पण बोटी बांधणारे सुतार आणि फायबरवर काम करणारे कामगार मोठ्या संख्येने घरी बसले. 1993 मध्ये बोटींवरचा तो कर मागे घ्यावा लागला. बोट न घेतल्याने श्रीमंताचं काही अडलं नाही, अडलं ते सुताराचं. तुमच्या 2021 च्या हंगामाची आठवण वाचताना मला हेच आठवलं.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, न झालेला खर्च जातो कुठे. माझ्या मते सगळी गोम इथे आहे. लग्नात वाचलेले वीस लाख सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत कारखान्याची शेड उभारायला गेले तर तिथे दहा माणसं कायमची लागतील आणि ते लग्नापेक्षा कितीतरी चांगलं. गंगापूर रोडला प्लॉट घेण्यात गेले तर जमीन या नावावरून त्या नावावर होईल, नवा रोजगार जवळपास शून्य. सोन्यात गेले तर त्यातली घडणावळ तेवढी आपल्या सराफ बाजारातल्या कारागिराची, बाकी पैसा देशाबाहेर, कारण आपलं जवळजवळ सगळं सोनं आयात होतं.

सही करण्याआधी दिरांना एवढंच विचारा की ठरावात सोन्यावर मर्यादा आहे का. माझा अनुभव असा की पाहुणे कमी करायला सगळे तयार होतात, तोळे कमी करायला कुणी होत नाही.

---

खापरावरची (पंचवटी)

सर, आत्ताच कागद पुन्हा वाचला. सोन्याचं कलम नाही. जेवणाचं आहे, डीजेचं आहे, आहेराचं आहे. सोन्याबद्दल एक शब्द नाही. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

---

द्राक्षमळा (ता. निफाड)

ताई, तुमचं दुःख कळतं, पण मी 150 च्या बाजूने आहे.

तुम्ही आडगावच्या ज्या व्यापाऱ्याचं कौतुक केलं त्याला परवडलं. पण त्या अडीच हजार पानांत माझ्यासारखे पाचशे शेतकरी जेवून गेले असतील आणि त्यातल्या पन्नासांच्या घरी लग्नाची पोर आहे. ती घरी येऊन म्हणणार नाही की मला तसंच लग्न हवं. तिची आई म्हणेल, आत्या म्हणेल, सोयरे तर तोंडावर म्हणतील. माझ्या चुलतभावाने सोसायटीचं कर्ज थकलेलं असताना सतराशे माणसांना जेवू घातलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत गारपीट झाली, घड जमिनीवर. पुढच्या दोन वर्षांत अर्धा एकर गेली. त्या लग्नात आचाऱ्याला, वाढप्यांना, मांडववाल्याला हजेरी मिळाली हे खरं. पण ती एका बुडत्या माणसाच्या खिशातून गेली. श्रीमंत एकदा खर्च करतो आणि त्याचा भाव सगळ्या गावाला लागतो.

दुसरं म्हणजे श्रीमंतांच्या चैनीवर पोट ठेवणं किती धोक्याचं, ते मी भोगलंय. सरकारने 2001 मध्ये वाईनचं धोरण आणलं तेव्हा आमच्याकडे हवाच बदलली. मुंबई-पुण्यातली पैसेवाली मंडळी वाईन पिऊ लागली, तालुक्यात वायनऱ्या उभ्या राहिल्या, करारावर बागा लावा म्हणून माणसं बांधावर यायची. मी दोन एकर वाईनचा माल लावला. पहिली वर्षं खरंच चांगली गेली, खोटं नाही बोलणार. भाव आधी ठरलेला, बाजारात हेलपाटे नाहीत. मग 2008 ची जागतिक मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वाईन खपेना. ज्यांच्याशी माझा करार होता त्यांनी माल उचलला नाही. ही द्राक्षं खायच्या बाजारात चालत नाहीत, बी मोठी आणि मणी बारीक. वेलीवर सडली. पुढच्या साली मी बाग उपटली, आजूबाजूलाही पुष्कळांनी उपटली. मुंबईत कुणीतरी पार्टी रद्द केली आणि माझ्या बांधावर जेसीबी आला, असं मी पोरांना सांगतो.

आज माझ्याकडे खायची द्राक्षं आहेत. सुरगाणा आणि पेठकडची टोळी छाटणीला येते, एकरी ठेका ठरतो. काडी बांधणं, डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी, खुडणी असं करत एप्रिलपर्यंत त्यांचं काम चालतं. पंधरा माणसांना महिनोन्‌महिने काम देणारा माझ्यासारखा कर्जबाजारी शेतकरी एकीकडे आणि एका रात्रीत दोन कोटी खर्चणारा दुसरीकडे. सुरगाण्याच्या माणसाला विचारा, तो कुणाच्या भरवशावर घरी पैसे पाठवतो.

तुमच्या बायकांना चार महिने काम नसतं म्हणालात. त्यावर काही करता येईल का, हा प्रश्न मला 150 च्या कलमापेक्षा मोठा वाटतो.

---

धरणाकाठचा (गंगापूर धरण परिसर)

मी सहसा वाचतो फक्त. पण इथे लिहावंसं वाटलं.

माझे वडील एका बंगल्यावर वॉचमन आहेत. आधी तिथे आम्ही भुईमूग करायचो. जमीन आमची नव्हती, वाट्याने करायचो. मालकाने विकली, मुंबईच्या माणसाने घेतली, बंगला बांधला, वडिलांनाच ठेवलं. महिना बारा हजार, राहायला खोली. बांधकामाच्या दोन वर्षांत आमच्या वस्तीतल्या सगळ्यांना काम होतं. गवंडी, सेंट्रिंग, फरशी, मग बाग लावायला बायका. ते झालं आणि आता एवढ्या मोठ्या जागेवर वडील आणि एक माळी, दोनच माणसं.

साहेब वर्षातून वीस-बावीस दिवस येतात. माणूस वाईट नाही. आईच्या ऑपरेशनला चाळीस हजार त्यांनी दिले, परत मागितले नाहीत. पण येताना भाजीपासून दुधापर्यंत सगळं शहरातल्या मॉलमधून गाडीत भरून आणतात. आमच्या फाट्यावरच्या दुकानात त्यांनी कधी काडेपेटी घेतली नसेल. शेजारच्या रिसॉर्टचं वेगळं आहे. तिथला मॅनेजर आमच्याच भागातला आहे, टोमॅटो, कोथिंबीर, दूध सगळं वस्तीतून घेतो, रोज. तिथे आमची सात पोरं कामाला आहेत, दोघं तर रिसेप्शनला. मला सुट्टीच्या दिवशी तिथेच काम असतं, त्यावर माझी कॉलेजची फी निघते.

म्हणून मला वाटतं बंगला आणि रिसॉर्ट यांत फरक आहे. दोन्ही पैसेवाल्यांसाठीच आहेत, पण एकाचं दार वर्षभर उघडं असतं.

मावशी, तुमच्यासोबत जे झालं ते लग्न माझ्या ओळखीच्या रिसॉर्टवर झालं नसेल अशी आशा आहे. मी तिथल्या मॅनेजर साहेबांना विचारलंय की बाहेरून काम करायला येणाऱ्या बायकांसाठी कोणती सोय आहे. ते म्हणाले स्टाफची स्वच्छतागृहं मागच्या बाजूला आहेत, पण प्लॅनरवाले ते सांगतच नाहीत. आता बोर्ड लावतो म्हणाले.

---

येवल्याचा माग

आमच्या घरात तीन पिढ्या पैठणी विणली जाते, माझं मत त्या अनुभवातून आहे.

हातमागावरची पैठणी घेणारा माणूस पैसेवालाच असतो, दुसरा कोण घेणार? साधी पैठणी विणायलाही आठवडे जातात, पदर आणि काठ भरगच्च असला तर महिने. रेशीम कर्नाटकातून येतं, जर सुरतेहून. तेवढा पैसा बाहेर जातो. पण मजुरी राहते इथे, आमच्या गल्लीत. विणणारा, कांड्या भरणारी घरातली बाई, रंगारी, मागाची दुरुस्ती करणारा सुतार, एवढी माणसं त्या एका साडीवर जेवतात. उद्या श्रीमंतांनी ठरवलं की लग्नात साधी साडी नेसायची, तर त्यांचं साधेपण माझ्या मागावर येऊन पडेल. म्हणून मला खर्चाला पाप म्हणणं पटत नाही.

पण खर्च करणारा आणि माल घडवणारा यांच्यामध्ये जे बसलेत त्यांचं बघा. यंत्रमागावर काढलेली साडी हातमागाची म्हणून विकली जाते. गिऱ्हाईक हातमागाचे पैसे मोजतं आणि ते विणकराकडे येतच नाहीत. श्रीमंताने खर्च केला, मनापासून केला, तरी कारागीर उपाशी. साडी उलटी करून बघायची सोपी खूण आहे. हातमागावरच्या खऱ्या पैठणीत नक्षी उलट्या बाजूनेही तशीच स्वच्छ दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत. एवढं जरी नवरीच्या आईने बघितलं तरी आमच्या गल्लीत फरक पडेल.

तुमचे 5,700 कापणारा प्लॅनर आणि आमचा दलाल एकाच जातकुळीचे. आम्ही सहा घरांनी एक केलं. थेट गिऱ्हाईक धरायचं, निम्मी रक्कम आधी, बाकीची साडी हातात घेताना. पहिल्या वर्षी निम्मी गिऱ्हाइकं गेली, घरात बायकोशी भांडणं झाली. तिसऱ्या वर्षापासून बसलं. उधारीवर दिलेली शेवटची साडी कोणती होती ते आता मला आठवतही नाही.

आणि ताई, मांडे फक्त लग्नातच का? अक्षय्य तृतीया आहे, पोळा आहे. पुरणाचे सण पावसाळ्यातही असतातच की.

---

फळा-खडू (नाशिकरोड)

येवलेकरांच्या बोलण्यावरून एक सांगावंसं वाटलं. पंचवटीत आणि गोदाकाठी आपण ज्या देवळांना प्रदक्षिणा घालतो ती बहुतेक अठराव्या शतकातल्या सरदारांच्या पैशातून उभी राहिली. नारोशंकराचं देऊळ 1747 चं, सुंदरनारायण 1756 चं, काळारामही त्याच शतकातलं. दगड फोडणारे, वाहणारे, घडवणारे किती हात त्यावर पोसले गेले असतील. आणि त्याच काळारामाच्या दारात 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांच्या आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली माणसांना आत जाऊ द्या म्हणून सत्याग्रह सुरू करावा लागला. पाच वर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. काकूंनी पाणी पिणं सोडलं हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात हेच फिरतंय. काम करून घेणं आणि माणूस म्हणून आत घेणं, या दोन्हींचा हिशेब वेगवेगळा मांडायला हवा.

---

खापरावरची (पंचवटी)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही सगळ्या जणी माझ्या ओट्यावर बसलो होतो, मी तुमचं सगळं मोठ्याने वाचून दाखवलं.

सरांनी काळारामाचं लिहिलं ते वाचल्यावर फुलेनगरची आमची एक ताई बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, माझे पणजोबा त्या सत्याग्रहात होते, दगड खाऊन आले होते. चौदा वर्षं आम्ही एकत्र चुलीपुढे उभ्या आहोत आणि हे मला ठाऊक नव्हतं.

निफाडचे भाऊ, तुमच्या चुलतभावाचं वाचून मला आमचे दादा आठवले. तुमचं खरं आहे, ज्याला परवडत नाही त्याच्या घरचा घास आमच्या ताटात यायला नको. पण 150 हा आकडा सगळ्यांना एकच का? ज्याची ऐपत आहे त्याने अडीच हजार जेवू घालावेत, फक्त ते आपल्या माणसांकडून शिजवून घ्यावेत. यावर तुमचं-माझं जमणार नाही असं दिसतंय, तरी तुमचं म्हणणं मी बैठकीत सांगेन, माझं म्हणून नाही, तुमचं म्हणूनच.

आम्ही काय ठरवलंय ते सांगते. ठरावावर आत्ता सही करायची नाही. बैठकीत चार बदल मागायचे. सोन्याला मर्यादा घाला, ती पाहुण्यांच्या आधी. कर्ज काढून लग्न करणाऱ्यासाठी 150 ठेवा, बाकीच्यांसाठी आकडा काढून टाका. स्वयंपाक, मांडव, फुलं, वाजंत्री जिल्ह्यातली घ्या असं लिहा. आणि काम करणाऱ्यांची हजेरी मांडव उतरायच्या आत द्या, त्यांना बसायला जागा, प्यायला पाणी आणि स्वच्छतागृह दाखवा. शेवटचं वाक्य मखमलाबादच्या काकूंनी सांगितलंय, तसंच लिहिलंय.

दीर चिडतील. आज सकाळी थोडं कानावर घातलं तर म्हणाले, वहिनी, हा ठराव लग्नाचा आहे, तुमच्या धंद्याचा नाही. मी म्हटलं, भाऊजी, लग्नात आम्हीपण असतो.

प्लॅनरकडून यापुढे निम्मे पैसे आधी घेणार, नाहीतर सुपारी नाही. येत्या हंगामात दोन-तीन कामं जातील याची तयारी ठेवली आहे. पावसाळ्यासाठी अंबडच्या एका कारखान्यातल्या मुलांच्या मेसला रोजच्या चाळीस पोळीभाजीच्या डब्यांचं बोलणं चालू आहे. त्यात पैसा कमी, पण महिन्याच्या महिन्याला. येवलेकर दादा, पोळ्याला पुरणाच्या मांड्यांची आगाऊ नोंदणी घेऊन बघायचा विचार आहे. मांडा दुसऱ्या दिवशी मऊ राहतो, पण डब्यात घडी मोडते. तुम्ही साड्या घडी न मोडता कशा पाठवता, खोके कुठून घेता, ते जरा सांगाल का?

आणि धरणाकाठच्या बाळा, त्या मॅनेजर साहेबांना माझा नमस्कार सांग. बोर्ड लागला की एक फोटो इथे टाक, काकूंना दाखवायचाय.